दर उन्हाळ्यात मोटारीच्या एसीचा गॅस जातो, पण गळती सापडत नाही. ती नेमकी कशी शोधावी?

आपण अमळनेरहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली छोटी पेट्रोल मोटार आठ वर्षांची आहे. दर एप्रिलमध्ये तिच्या एसीत गॅस भरावा लागतो आणि जुलै उजाडेपर्यंत गारवा निम्म्यावर येतो. एका मिस्त्रीने ‘गॅस दर वर्षी भरावाच लागतो’ असे सांगितले, दुसऱ्याने अर्धा तास व्हॅक्युम लावून, म्हणजे पंपाने आतले सगळे ओढून घेऊन, ‘गळती नाही’ असा निर्वाळा दिला, आणि तिसऱ्याने काहीही न तपासता डॅशबोर्ड उतरवून कूलिंग कॉइल बदलण्याचा सल्ला दिला. मी धुळ्यात एकोणीस वर्षे मोटारींच्या एसीचेच काम करतो, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो. तूर्त तिघांपैकी कोणाचेच ऐकू नका. आधी गळतीचा वेग काढा, कारण कोणत्या गळतीला कोणती तपासणी लावायची हे त्या वेगावरच ठरते, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी तीच पायरी गाळली जाते.

पहिल्या मिस्त्रीचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे आहे. एसीतील गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद वाटेने फिरत राहतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव होतो आणि कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होते. ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते उस्ताद अशा गिऱ्हाइकाला अहिराणीत एवढेच विचारत, “गॅस काय कोनी खाई जास का?” चांगल्या स्थितीतील यंत्रणेतूनही रबरी नळ्या आणि कॉम्प्रेसरचे सील यांतून थोडा वायू झिरपतो हे खरे, परंतु ते प्रमाण वर्षाला साधारण दहा-वीस ग्रॅम असते. आपल्यासारख्या मोटारीत एकूण गॅस ४०० ते ५०० ग्रॅमच्या आसपास मावतो (नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो), त्यामुळे केवळ अशा झिरपण्याने गारवा कमी व्हायला बरीच वर्षे लागतात. तीन महिन्यांत गारवा उतरतो याचा अर्थ कोठे तरी वाट फुटली आहे.

मात्र गारवा कमी झाला म्हणजे गॅसच कमी झाला, असेही धरून चालू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि त्यात कंडेन्सरच्या फिन्समध्ये, म्हणजे पातळ पत्र्यांमध्ये, कपाशीचा तंतू, काळ्या मातीची धूळ आणि किडे यांचा थर बसला की गॅस पूर्ण असूनही एसी हात टेकतो. कंडेन्सरचा पंखा मंदावणे, केबिन फिल्टर चोंदणे, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये द्रव मोजून सोडणारी झडप) अडकणे ही कारणेही तशीच फसवी आहेत. म्हणून गॅस खरोखर किती उरला आहे हे आधी मोजून घ्यावे, आणि ते मोजण्याचा भरवशाचा मार्ग एकच आहे: गॅस काढून घेणाऱ्या यंत्राने तो पूर्ण काढून वजन करणे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बंद उभ्या मोटारीला गेज लावून ‘प्रेशर बरोबर आहे, गॅस भरलेला आहे’ असे सांगणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. यंत्रणेत द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत उभ्या मोटारीतील दाब केवळ तापमानावर अवलंबून असतो, गॅसच्या मात्रेवर नाही. आपल्यासारख्या मोटारीच्या एसीतला आर-१३४ए हा वायू ३० अंशांवर गेजवर सुमारे ९७ पीएसआय (दाबाचे एकक) दाखवतो आणि ४० अंशांवर सुमारे १३३. मग आत ४५० ग्रॅम असो की २५०. घरातील स्वयंपाकाच्या सिलिंडरचेही तसेच असते, तो अर्धा झाला म्हणून शेगडीची ज्योत अर्धी होत नाही.

समजा, आपल्या यंत्रणेतून वजन करताना २०० ग्रॅम निघाले आणि स्टिकरवर ४५० लिहिले आहेत. भरल्यापासून तीन महिने झाले असतील तर २५० ग्रॅम ९० दिवसांत गेले, म्हणजे दिवसाला पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. वायुरूपात ते दिवसाला सुमारे ६८० मिलिलिटर होतात, म्हणजे मिनिटाला जवळजवळ अर्धा मिलिलिटर. अर्ध्या मिलिलिटरचा बुडबुडा सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचा असतो. साबणाच्या फेसाने तो डोळ्यांना दिसायला हवा. याउलट वर्षाला २५ ग्रॅम जात असतील तर तासाला पाऊण मिलिलिटरही भरत नाही, आणि तेवढ्यासाठी फेस लावून बसलो तर बुडबुडा येण्याआधी फेसच वाळून जातो. आपली गळती पहिल्या प्रकारची, म्हणजे मध्यम वेगाची आहे. ती सापडण्याजोगी आहे, फक्त ती ज्या स्थितीत वाहते त्या स्थितीत तिला गाठले पाहिजे.

आता दुसऱ्या मिस्त्रीच्या व्हॅक्युमकडे येऊ. गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्युम लावणे अत्यावश्यक आहे, कारण त्यामुळे आतील हवा आणि ओलावा निघून जातो. परंतु गळती शोधण्याचे साधन म्हणून ते फार दुबळे आहे. पूर्ण निर्वात केले तरी आतबाहेरच्या दाबातला फरक जास्तीत जास्त एका वातावरणाचा, म्हणजे १४.७ पीएसआय असतो, आणि तोही बाहेरून आत दाबणारा. प्रत्यक्ष चालताना मे महिन्याच्या दुपारी हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढच्या जास्त दाबाच्या बाजूचा, दाब २५० पीएसआयच्या वर जातो आणि तो आतून बाहेर रेटतो. व्हॅक्युममध्ये ओ-रिंग (जोडातले रबरी कडे) आत ओढली जाऊन कधी कधी घट्टच बसते. शिवाय साध्या गेजच्या काट्यावर अर्ध्या तासात बारीक गळती उमटतही नाही.

हे मी पुस्तकातून नव्हे, फजितीतून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याची मोटार माझ्याकडे आली होती. मी पाऊण तास व्हॅक्युम धरला, काटा हलला नाही, मी गॅस भरून मोटार दिली. बाराव्या दिवशी ते परत आले. मी पुन्हा तेच केले, कारण तेव्हा मला त्यापलीकडचे सुचत नव्हते, आणि ते पुन्हा परत आले. तिसऱ्या वेळी नायट्रोजन भरून प्रत्येक जोड फेसाने भिजवला, तरी काही दिसेना. शेवटी माझ्या हाताखालच्या मुलाने सहज कॉम्प्रेसरकडून येणारी रबरी नळी हलवली आणि तिच्या ॲल्युमिनियमच्या टोपणाजवळ, जेथे नळी क्रिंप केलेली, म्हणजे दाबून आवळलेली असते तेथे, फेस उकळल्यासारखा वर आला. इंजिन चालू असताना हलते, त्यामुळे नळी वाकते आणि तेवढ्या वेळेपुरती वाट उघडते. उभ्या मोटारीत तीच वाट बंद असते. तेव्हापासून प्रत्येक नळी हलवून पाहिल्याशिवाय मी ‘गळती नाही’ हे शब्द उच्चारत नाही.

तपासणीची सुरुवात मात्र कोणत्याही यंत्राने नव्हे, तर चांगल्या प्रकाशात डोळ्यांनी करावी. आर-१३४ए ला रंग नाही आणि ओळखू येईल असा वासही नाही, परंतु त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरचे तेल फिरत असते. वायू निसटतो तेथे तेलही थोडे थोडे बाहेर येते आणि त्यावर धूळ चिकटून काळपट लगदा बसतो. आपल्या भागातील धूळ या कामी उपकारकच आहे असे मी गमतीने म्हणतो. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात असा डाग आहे का ते पाहा, कारण सुरत-नागपूर महामार्गावर ट्रकमागून चालताना उडणारे खडे नेमके तेथेच लागतात. ॲल्युमिनियमची नळी ब्रॅकेटला घासते ती जागा, प्रेशर स्विचचा जोड, एक्स्पान्शन व्हॉल्व्हजवळचे जोड आणि नळ्यांची क्रिंप केलेली टोके बोटाने चाचपावीत. कॉम्प्रेसरच्या क्लचसमोर बॉनेटच्या आतल्या बाजूस तेलाची उडालेली रेघ दिसली तर शाफ्ट सीलवर, म्हणजे कॉम्प्रेसरच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलवर, संशय घ्यावा, कारण फिरणारा क्लच सीलमधून आलेले तेल वर्तुळात फेकतो.

शाफ्ट सीलच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. दिवाळीनंतर खानदेशात थंडी पडते आणि पुढचे तीन-चार महिने एसीच्या बटणाला कोणी हात लावत नाही. तेवढ्या काळात सीलवरचे तेल ओघळून जाते, सील कोरडे पडते आणि गॅस मोटार उभी असतानाच निसटतो. आपला गॅस मुख्यतः एप्रिल ते जुलै या वापराच्या काळात जातो असे आपल्या वर्णनावरून दिसते, म्हणून आपल्या बाबतीत हा संशय मी थोडा मागे ठेवीन आणि दाब व कंपनाने उघडणाऱ्या जागा पुढे घेईन. तरीही हिवाळ्यात आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा.

गॅस भरण्याच्या दोन्ही नळ्यांची टोके फार जण विसरतात. त्यांच्या आत सायकलच्या ट्यूबसारखा पिनचा व्हॉल्व्ह असतो, आणि दर वर्षी गेज लावून-काढून त्याच्याच रबराची झीज होते. म्हणजे जो गॅस भरण्यासाठी आपण दर वर्षी जाता, तो भरण्याच्या जागेतूनच जात असण्याचीही शक्यता आहे. त्यावरचे प्लॅस्टिकचे टोपण धुळीपुरते असते असा समज आहे. वास्तविक आतल्या रबरी वॉशरसह ते दुसरे सील असते. आपल्या मोटारीत ती टोपणे जागेवर आहेत का, ते आज संध्याकाळीच पाहा. टोपण काढून टोकावर फेसाचा थेंब ठेवला तर मिनिटभरात उत्तर मिळते, आणि पिन बदलणे हे या सर्वांतले सर्वांत स्वस्त काम आहे.

डोळ्यांना काही सापडले नाही तर आपल्या वेगाच्या गळतीसाठी मी नायट्रोजन निवडीन. उरलेला गॅस काढून घेतल्यावर यंत्रणेत सुमारे १५० पीएसआयपर्यंत कोरडा नायट्रोजन भरतात आणि जाडसर फेस प्रत्येक जोडावर लावून किमान दोन-तीन मिनिटे थांबतात. सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या शंभर-दीडशे पट असतो, त्यामुळे रेग्युलेटरशिवाय तो जोडणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे. हे काम घरी करू नये. ऑक्सिजन तर चुकूनही वापरू देऊ नये, कारण दाबाखालील ऑक्सिजन आणि तेल यांचा स्फोट होऊ शकतो. टायरला हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरची हवाही नको; तिच्यातील ओलावा आतले तेल शोषून घेते.

नायट्रोजन रात्रभर ठेवून सकाळी काटा पाहण्याची पद्धत चांगली आहे, पण तेथेही आपला उन्हाळा फसवतो. दुपारी ४० अंशांवर १५० पीएसआय भरलेला नायट्रोजन पहाटे २५ अंशांवर सुमारे १४२ दाखवतो, आणि त्यातला एक कणही बाहेर गेलेला नसतो. दोन्ही वेळचे तापमान लिहून न ठेवता आठ पीएसआय उतरले म्हणून कंडेन्सर बदलल्याचे उदाहरण मी पाहिले आहे.

नायट्रोजनने न सापडणाऱ्या मंद गळतीसाठी दोन साधने उरतात. पहिले म्हणजे इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टर. चांगले यंत्र वर्षाला ४ ग्रॅम इतकी सूक्ष्म गळतीही पकडते, परंतु ते धरण्याची रीत असते. इंजिन बंद हवे, यंत्रणेत गॅसचा किमान ५० पीएसआय दाब हवा, आणि यंत्राचे टोक जोडाच्या खालच्या बाजूने, सेकंदाला दोन-चार सेंटिमीटर इतक्याच संथ गतीने न्यायला हवे. खालच्या बाजूने यासाठी की हा वायू हवेच्या साडेतीन पट जड आहे आणि तो निसटल्यावर खाली उतरतो. दुपारच्या झळांमध्ये उघड्यावर हे यंत्र काही कामाचे नाही. वारा वायू उडवून नेतो. पेट्रोल, थिनर किंवा रबराचे सोल्युशन यांच्या वाफेवरही काही यंत्रे ओरडतात, म्हणून जोड आधी कोरड्या फडक्यानेच पुसावा आणि एकाच जागी तीनदा आवाज आल्याशिवाय निकाल देऊ नये.

या यंत्रांपूर्वी आमचे उस्ताद एक दिवा वापरत असत. त्याची नळी जोडाजवळ फिरवली की गळणारा वायू ज्योतीकडे ओढला जाई आणि ज्योत हिरवी होई. तो जुन्या आर-१२ चा काळ होता. त्या वायूतील क्लोरीनमुळे तांब्याच्या तापलेल्या पत्र्यावर तो रंग येत असे. ओझोनच्या थराला घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो वायू टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि भारतात त्याचा वापर २०१० पर्यंत थांबला. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, म्हणून त्या दिव्याला आज काहीच दिसत नाही. उलट हा वायू ज्योतीत सापडला की विषारी धूर तयार होतो. कोणी काडी किंवा लायटर लावून गळती दाखवू लागला तर मोटार घेऊन निघून यावे.

दुसरे साधन म्हणजे अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग, ज्याला गॅरेजमध्ये सर्रास डाय म्हणतात. थोड्या मिलिलिटरचा डाय गॅसबरोबर आत सोडतात, तो तेलात मिसळून सगळीकडे फिरतो आणि गळतीच्या जागी बाहेर येऊन पिवळट हिरवा चमकतो. आपल्या मोटारीने डोळ्यांना आणि नायट्रोजनला दाद दिली नाही, तर मी हीच पद्धत सुचवीन, कारण ती मोटार प्रत्यक्ष चालत असताना, तापलेली आणि हादरत असताना काम करते. रावेरची ती नळी डायने पहिल्याच फेरीत सापडली असती. डाय घातल्यावर आठ-पंधरा दिवस एसी नेहमीप्रमाणे वापरावा आणि मग रात्री, पिवळा चष्मा लावून, दिवा फिरवावा. भरताना टोकाजवळ सांडलेला डाय त्याच दिवशी पुसला नाही तर पुढे तोच गळती म्हणून दाखवला जातो. आणि दर खेपेला नवा डाय घालू देऊ नये. एकदा घातलेला पुरतो, अधिक झाला तर कॉम्प्रेसरचे तेल पातळ होते.

गळती बुजवणारे रसायन मिळते, ते मात्र घेऊ नका. ते हवेतील ओलाव्याशी संपर्क आल्यावर घट्ट होते, आणि आत ओलावा राहिला असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्येच घट्ट होऊन बसते. जोडावर बाहेरून एम-सील थापणे किंवा टेफ्लॉन टेप गुंडाळणे हेही तात्पुरतेच आहे. तेथे योग्य मापाची नवी ओ-रिंग तेलाचे बोट लावून बसवावी लागते.

‘दर वर्षी हजार-दोन हजारांचा गॅस भरला तर काय बिघडले’ असेही काही जण विचारतात. आर-१३४ए चा एक किलो वातावरणात गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणजे आपल्या २५० ग्रॅमची बरोबरी जवळजवळ दीडशे लिटर पेट्रोल जाळण्याशी होते. शिवाय गॅसबरोबर तेलही जाते, आणि गॅस भरणारा बहुधा तेल मोजत नाही. कॉम्प्रेसर कोरडा चालून जाम झाला की मग खरा खर्च कळतो.

राहता राहिला तिसऱ्या मिस्त्रीचा सल्ला. कूलिंग कॉइल गळत असण्याची शक्यता खरी आहे. ती सतत ओली असते, तिच्यावर धूळ आणि पालापाचोळा बसून ॲल्युमिनियम कुरतडले जाते, आणि ती दिसत नाही म्हणून बाकी सगळे चांगले निघाले की संशय तिच्याकडेच जातो. परंतु बऱ्याच मोटारींत ती काढायला संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि एकदा उतरलेला डॅशबोर्ड पुन्हा बसवल्यावर खुळखुळ वाजू लागतो हा माझा अनुभव आहे. म्हणून पुराव्याशिवाय त्याला हात लावू देऊ नये, आणि पुरावा मिळवणे अवघड नाही. एसी काही वेळ चालवून सर्व बंद करावे, काचा लावाव्यात, ब्लोअर बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. कॉइलमधून निसटलेला जड वायू तिच्या पेटीच्या तळाशी साचतो आणि पाणी ठिबकण्याच्या नळीवाटे खाली उतरतो. पाणी ठिबकायचे थांबल्यावर त्या नळीच्या तोंडाशी डिटेक्टर धरावा. यंत्राने पाणी ओढले तर ते बिघडते, एवढे मिस्त्रीला आठवण करून द्यावे. डाय घातलेला असेल तर काम आणखी सोपे आहे. रात्री एसी चालू असताना मोटारीखाली एक पांढरी ताटली ठेवावी, पाणी जमू द्यावे आणि त्यावर अतिनील दिवा धरावा. पाणी चमकले तर तिसरा मिस्त्री बरोबर आहे आणि डॅशबोर्ड उतरवायला हरकत नाही. चमकले नाही तर पुन्हा बॉनेट उघडून त्या रबरी नळ्या एकेक करून हलवायला सांगा.